उतारवयातील संसार आणि प्रकृती

आपल्या भाषेतले आशीर्वाद बारकाईने ऐकले तर एक गोष्ट ध्यानात येते. लग्न झालेली मुलगी वडीलधाऱ्यांच्या पाया पडली की तिला ‘अखंड सौभाग्यवती हो’ असे म्हटले जाते. म्हणजे दीर्घायुष्य चिंतिले जाते ते तिच्या नवऱ्याचे. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला ती वडाला सूत गुंडाळते तेही त्याच्याच आयुष्यासाठी. तिचे स्वतःचे गुडघे, तिचे डोळे, तिचा रक्तदाब यांचे पुढे काय व्हावे, याविषयी आपले आशीर्वाद मुके आहेत. साठी उलटलेल्या जोडप्यांच्या प्रकृतीकडे पाहिले म्हणजे या आशीर्वादातली वाटणी जशीच्या तशी दृष्टीस पडते. एकाने जगायचे आणि दुसरीने जगवायचे. संसार आणि प्रकृती यांचा परस्परसंबंध सांगताना मला मुख्यतः या वाटणीविषयीच बोलायचे आहे.

विवाहित माणसे अधिक जगतात, हा सिद्धांत बराच जुना आहे. इंग्लंडच्या जन्ममृत्यूंच्या नोंदणी कचेरीत विल्यम फार नावाचे थोर आकडेशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८५८ साली फ्रान्समधील मृत्यूंचे आकडे मांडून असे दाखवले की, विवाहितांचे मृत्युमान अविवाहितांपेक्षा कमी पडते आणि जोडीदार गमावलेल्यांचे फारच वाईट असते. त्यानंतर देशोदेशी हीच गोष्ट पुन्हापुन्हा आढळली. परंतु यावर एक शंका लगेच निघते. लग्न झाले म्हणून प्रकृती सुधारली, की प्रकृती धड होती म्हणून लग्न जमले? युरोपात ही शंका मोठी आहे, कारण तिकडे पुष्कळ माणसे आजन्म अविवाहित राहत. आपल्याकडे, निदान आज जे साठी-सत्तरीत आहेत त्या पिढीत, तिला फारसे बळ नाही. आपल्याकडे धडधाकटांची लग्ने झाली, तशीच अशक्तांचीही झाली. म्हणून आपल्या वृद्धांत ‘विवाहित की अविवाहित’ हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. जोडीदार हयात आहे की नाही, आणि हयात असेल तर घरात कोण कोणाचे काय करते, हे आपले प्रश्न.

वाशीम जिल्हा अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतीत त्याची वस्ती सुमारे बारा लाख भरली आणि तीतले पाचांपैकी चार लोक खेड्यांत राहणारे निघाले. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर चालणारा हा मुलूख. शिकलेली मुले पुण्याला किंवा मुंबईला जातात, न शिकलेलीही कामधंद्यासाठी बाहेर पडतात, आणि रिसोड, मानोऱ्याकडच्या कितीतरी घरांत दोनच माणसे उरतात, म्हातारा आणि म्हातारी. अशी जोडी दवाखान्यात आली की काय घडते ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खुर्चीवर बसतो तो म्हातारा; ती मागे उभी राहते. डॉक्टर त्याला विचारतात, ‘झोप लागते का?’ उत्तर मागून येते, ‘रातभर खोकलतात. बिडी सोडा म्हनलं तं आयकत नाहीत.’ गोळ्या कोणत्या चालू आहेत असे विचारले तर तो बायकोकडे पाहतो आणि ती लुगड्याच्या पदराची गाठ सोडून रिकामी पाकिटे टेबलावर ठेवते. सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी, जेवणाआधीची बारीक, हे सारे तिला तोंडपाठ असते. मग डॉक्टर तिला म्हणाले की, ‘बाई, तुमचं काय?’ तर ती हसते. तिच्या नावाची चिठ्ठीच काढलेली नसते.

विवाहाने पुरुषाची प्रकृती राखली जाते म्हणतात, ती कशाने राखली जाते याचे उत्तर त्या पदराच्या गाठीत आहे. वेळेवर ताटात पडणारी भाकर, लपवून ठेवलेली तंबाखूची पुडी, ‘आज चेहरा उतरलेला दिसतो’ हे सर्वांआधी ओळखणारी नजर आणि दवाखान्यात जायला लावणारी भुणभुण. हे सगळे मिळून एक काम आहे, ते रोज कोणीतरी करते, आणि आपल्या घरांत ते बहुतेक एकच माणूस करते. सप्तपदीची सात पावले कोणाचा रक्तदाब उतरवीत नाहीत.

रक्तदाबाचा विषय निघालाच आहे तर त्याची एक मौजेची गोष्ट सांगतो. अर्थात मौज आकड्यांची, रोगाची नव्हे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरील लोकांची मोठी आरोग्य पाहणी केली. तिच्यातल्या बावीस हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती घेऊन, अमेरिका, इंग्लंड आणि चीन येथील जोडप्यांशी ती ताडून पाहणारा एक निबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे दर पाच जोडप्यांमागे जवळजवळ एका जोडप्यात दोघांचाही रक्तदाब वाढलेला निघाला. नवऱ्याला हा विकार असला तर बायकोला तो असण्याची शक्यता, नवरा निकोप असलेल्या बाईपेक्षा १९ टक्क्यांनी अधिक होती. मधुमेहाचेही असेच. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१४ साली काढलेला निष्कर्ष असा की, जोडीदाराला मधुमेह असला तर आपल्याला तो होण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो.

हे रोग स्पर्शाने लागणारे नव्हेत. मग नवऱ्याचे दुखणे बायकोकडे जाते कसे? ते एका पातेल्यातून जाते. ठेचा, लोणचे, पापड यांचे मीठ दोघांच्याही पोटात जाते. बिडीचा धूर ओढतो एक आणि श्वासात घेतात दोघे. सोयाबीन भिजले, कर्जाचा हप्ता थकला, पुण्याच्या मुलाचा आठवडाभर फोन आला नाही, की रात्री दोघांचेही डोळे छताला लागतात. चाळीस वर्षे एका चुलीवर जेवलेल्या दोन माणसांची शरीरे पुष्कळशी एकाच वळणाने जातात. यातून निघणारी सूचना इतकी साधी आहे की ती अमलात का येत नाही याचे नवल वाटते. एकाच्या दंडाला पट्टा बांधला की दुसऱ्याच्याही बांधावा. खर्च काही नाही, वेळ दोन मिनिटांचा.

आता भांडणाकडे वळू. भांड्याला भांडे लागायचेच, असे म्हणून आपण हा विषय मिटवतो. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह यावर एक विलक्षण प्रयोग केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. बेचाळीस जोडपी घेतली. त्यांच्या हातावर लहान लहान फोडांच्या जखमा केल्या. एकदा त्यांना प्रेमाचे, एकमेकांना धीर देणारे बोलायला सांगितले आणि पुन्हा केव्हातरी वादाचा विषय काढून दिला. वादानंतरची जखम भरायला सरासरी एक दिवस अधिक लागला. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात एरवीही कडवटपणा होता, त्यांच्या जखमा सौम्य जोडप्यांच्या ६० टक्के वेगानेच भरल्या. पायाला जखम झालेल्या मधुमेही माणसाच्या बाबतीत एकेक दिवसाची किंमत काय असते ते निराळे सांगायला नको.

याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट स्त्रियांविषयीची आहे. हृदयविकारातून उठलेल्या स्त्रियांची स्टॉकहोममध्ये एक पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००० साली आला. नोकरीतल्या ताणाने त्यांचा आजार बळावला नाही, पण नवऱ्याशी तीव्र बेबनाव असलेल्या स्त्रियांत तो उलटण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. आणि अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पाहणीतून २००७ साली असे दिसले की, नवऱ्याशी मतभेद झाल्यावर तोंड मिटून गप्प बसणाऱ्या स्त्रियांचे दहा वर्षांतले मृत्युमान, बोलून मोकळ्या होणाऱ्यांच्या चौपट होते. पुरुषांत असा फरक आढळला नाही. आपल्याकडे गप्प बसणे हा बाईचा सद्गुण मानतात. ‘तिने कधी उलट उत्तर दिले नाही’ हे वाक्य मी बहुधा शोकसभेतच ऐकले आहे.

येथवर संसाराचा प्रकृतीवर काय परिणाम होतो ते पाहिले. उलट दिशेने, म्हणजे आजाराने संसाराचे काय होते, हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निकोलस क्रिस्टाकिस आणि पॉल ॲलिसन यांनी पाच लाख अठरा हजार वृद्ध अमेरिकन जोडप्यांचा नऊ वर्षांचा वृत्तांत अभ्यासून २००६ साली एक निबंध लिहिला. जोडीदार रुग्णालयात दाखल झाल्यावर दुसऱ्याच्या आयुष्याला किती धोका पोहोचतो, हे त्यांना पाहायचे होते. आतड्याचा कर्करोग हे भयंकर दुखणे. पण त्याचा जोडीदाराच्या मृत्युमानावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. उलट स्मृतिभ्रंशासारख्या, माणसाला लवकर न मारणाऱ्या पण परावलंबी करणाऱ्या विकारात जोडीदाराला जो धोका निर्माण होतो, तो जवळजवळ जोडीदार मरण पावल्याइतकाच भरला. याचा अर्थ असा की, एकाचे दुखणे दुसऱ्याला मारते ते मृत्यूच्या भीतीपेक्षा रोजच्या उचलण्या-ठेवण्याने.

पक्षाघाताचे उदाहरण घ्या. आपल्याकडे त्याला लकवा म्हणतात. साठ किलोचा माणूस खाटेवर पडलेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचे, रात्रीसुद्धा. भरवायचे, धुवायचे, चादर बदलायची. हे करणारी बाई पासष्टीची, तिचे गुडघे झिजलेले, आणि सवंगणीच्या दिवसांत तिला मजुरांची भाकरही टाकायची असते. शुल्झ आणि बीच या दोन संशोधकांनी आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांवर चार वर्षे लक्ष ठेवले. १९९९ साली त्यांनी सांगितले की, ज्यांना या शुश्रूषेचा ताण जाणवत होता त्यांचे मृत्युमान, असे काम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक होते. मात्र जे शुश्रूषा करीत होते पण ताण जाणवत नव्हता, त्यांचे मृत्युमान वाढलेले आढळले नाही. हा शेवटचा भाग विसरू नये. मारतो तो ताण, आणि ताण वाटून घेता येतो.

विदर्भातले सर्वांना ठाऊक असलेले दांपत्य घेऊ. बाबा आमटे आणि साधनाताई यांचा विवाह १९४६ साली झाला. बाबांच्या मणक्यांचा विकार पुढे असा बळावला की त्यांना बसणेच अशक्य झाले. एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. त्याच अवस्थेत त्यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ची यात्रा काढली आणि १९९० साली आनंदवन सोडून ते नर्मदेच्या काठी राहायला गेले. साधनाताई तेथेही बरोबर होत्या. बाबा २००८ च्या फेब्रुवारीत गेले, ताई २०११ च्या जुलैत. या दांपत्याविषयी बोलताना आपण ‘त्याग’ हा शब्द वापरून मोकळे होतो. त्याग होताच, पण त्याच्या भोवती आणखी काही होते. आनंदवनात दवाखाना होता, मदतीला शेकडो हात होते, दोन्ही मुलगे डॉक्टर होते. मंगरूळपीरच्या एखाद्या गल्लीत लकवा झालेल्या नवऱ्याला एकटीने वळवणाऱ्या बाईजवळ यातले काहीच नसते. तिला साधनाताईंचा आदर्श सांगायचा आणि आनंदवनातले हात मात्र द्यायचे नाहीत, हा मला अन्याय वाटतो.

आणि आजारी पडली ती बाईच असली तर? अमेरिकेत याची एक गंमतशीर कथा घडली. बायको आजारी पडली तर उतारवयातही घटस्फोट वाढतात, असा निबंध २०१५ साली गाजला. वर्तमानपत्रांनी पुरुषजातीवर ताशेरे ओढले. पुढे कळले की, पाहणीतून मध्येच गळालेल्या जोडप्यांची गणना चुकून घटस्फोटितांत झाली होती. निबंध मागे घेऊन दुरुस्त झाला, तेव्हा फक्त बायकोच्या हृदयविकाराबाबत काहीसा संबंध उरला. आकड्यांनी माणसाला हुरळून जाऊ नये, हे सांगायला याहून चांगला दाखला नाही.

पण आपल्याकडे या वयात कोणी घटस्फोट घेत नाही म्हणून संसार मोडत नाहीत, असे समजू नका. बाईने अंथरूण धरले की घराची चूलच थंड होते. चहापलीकडे काही न शिकलेला म्हातारा दोन दिवस शेजारच्या डब्यावर काढतो, मग मुलांना फोन जातो. मुले येतात, शेत-घर पाहतात आणि ठरते की आई थोरल्याकडे, बाबा धाकट्याकडे. एकाचे घर पुण्याला, दुसऱ्याचे अकोल्याला. दोन्ही मुलांना वाईट म्हणता येणार नाही. दोन खोल्यांच्या घरात दोन आजारी म्हातारी माणसे ठेवणे कठीण असते. परंतु जमिनीबरोबर आईबापांचीही वाटणी होते, आणि ज्या दोन माणसांनी एकमेकांची झोप, पथ्य, खोकला, अबोला पन्नास वर्षे ओळखून ठेवला, ती परक्या शहरांत एकेकटी पडतात. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. आम्हाला एका छपराखाली ठेवा, अशी मागणी मात्र फारशी कोणाच्या तोंडून निघत नाही, लाज वाटते. म्हातारपणी नवरा-बायकोने एकत्र राहण्याची इच्छा बोलून दाखवणे यात लाजण्यासारखे काय आहे, हे मला कधीच कळलेले नाही.

जोडी एकत्र राहिली तरी कोणीतरी आधी जाणारच, आणि येथे हिशेब सरळ आहे. त्या पिढीत नवरा पाच-सात वर्षांनी मोठा असे. बाईचे आयुष्यमान वर्ष-दोन वर्षे अधिक. दोन्ही मिळवले की सर्वसाधारण बाईच्या वाट्याला सात-आठ वर्षांचे वैधव्य येते. साठीपुढच्या स्त्रियांत सुमारे निम्म्या विधवा असतात आणि पुरुषांत विधुर त्या मानाने पुष्कळ कमी, त्याचे कारण मोठ्या अंशी हेच.

विधुर थोडे असले तरी त्यांचे पहिले काही महिने फार अवघड जातात. इंग्लंडमध्ये पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा मागोवा पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतले मृत्युमान अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक दिसते, आणि त्यात हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत जास्त. पुढे ते हळूहळू उतरते. दुःख खरेच हृदयाला लागते. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग फुग्यासारखा फुगून तात्पुरता निकामी होण्याचा विकार जपानी डॉक्टरांनी १९९० साली वर्णिला. तो मात्र बहुतांशी पाळी गेलेल्या स्त्रियांत दिसतो. पण विधुराच्या बाबतीत दुःखाखेरीज एक साधी गोष्टही असते. ती गुलाबी गोळी कोणती, हे सांगणारे माणूस गेलेले असते.

विधवेचे दुखणे निराळे. जेवण रांधायला ती कोणावर अवलंबून नसते. ती अवलंबून असते पैशावर. १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा दिला, परंतु सातबाऱ्यावर नाव लागणे आणि पिकाचा पैसा हातात पडणे या दोहोंत बरेच अंतर आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून, नवऱ्यांनी हयातीतच बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करावा, असे गावोगाव सांगितले होते. मी तर त्या मोहिमेला आरोग्याचीच मोहीम म्हणेन. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागणारी बाई वर्षानुवर्षे अंधूक डोळ्यांनी वावरते. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव कोल्हापूरकडील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो सर्व ग्रामपंचायतींपुढे ठेवला. तेही चांगलेच झाले. ज्या घरात विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, त्या घरात तिला दवाखान्यात न्यायचीही घाई नसते.

सरकारी व्यवस्थेत काही सोयी झाल्या आहेत. २०२४ साली सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेत रुग्णालयाचा खर्च मिळू लागला. त्याच वर्षी वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु या सोयी रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या. रात्री दोन वाजता कुशीवर वळवण्याचे काम कोणत्याही योजनेत बसत नाही.

ते काम शिकवता येते, हे मात्र आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली ज्यांनी घातली, त्या न्यायमूर्ती रानड्यांचे १९०१ च्या जानेवारीत निधन झाले. त्यांच्या पत्नी रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. त्यांनी पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारले आणि ज्या काळी परिचारिकेचे काम हलके मानीत, त्या काळी विधवांना व गरजू स्त्रियांना ते शिकायला पाठवले. शुश्रूषा ही बाईला जन्मतःच येते, ही समजूत त्यांनी आपल्या कृतीने खोडून काढली. जे शिकावे लागते ते पुरुषालाही शिकता येते. आपल्या गावच्या आरोग्यकेंद्रात महिन्यातून एक दुपार साठीपुढच्या नवऱ्यांसाठी ठेवली तर शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. कुकर किती शिट्यांनी उतरवावा. बायकोच्या गोळ्या कोणत्या आणि कशासाठी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वळवताना कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, त्याचा पलीकडचा हात त्याच्याच छातीवर घ्यावा, पलीकडचा गुडघा दुमडावा, आणि मग एक हात खांद्याला व एक कमरेला लावून आपल्याकडे ओढावे. नीट जमले तर सत्तरीच्या माणसालाही ते एकट्याने करता येते.